अर्ध्यातून उठलेली माणसं

प्रिय शेंडेफळा,

फोन हाताशी असताना ही बया पत्र कसली लिहीत बसली, असं तुझ्या मनात आलंच असेल. कारण साधं आहे. फोनवर तू माझं सगळं हसण्यावारी नेतोस आणि मीही नेऊ देते. गेले काही दिवस तुला सांगायचं म्हणून फोन लावते, तू "बोल ताई" म्हणतोस आणि सांगायचं ते राहूनच जातं. मग मी तुझ्या लेकीच्या खोकल्याची चौकशी करते, तुमच्याकडचं पाणी नियमित येतं का विचारते आणि फोन ठेवते. परवा तर तू म्हणालास, "ताई, तू आमच्या पाण्याची एवढी काळजी का करतेस?" तेव्हाच ठरवलं की आता कागदच घ्यायचा. कागद मधे हसत नाही. तू हे एकटा असताना वाच. आई शेजारच्या खोलीत असेल तर बाहेर जाऊन वाच.

आधी इकडची बातमी. मी सध्या क्रेनवर चढत नाही. साइटवर जाते, पण खाली, सामानाच्या खोलीत बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हेल्मेट नि सेफ्टी बेल्ट काढून देते. सगळे विचारतात, मी पाठ दुखते म्हणून सांगते. आईला यातलं काही माहीत नाही. तिला अजून वाटतं की तिची लेक रोज उठून आभाळात जाऊन बसते आणि ती रोज दुपारी माझ्या फोनची वाट बघत जीव मुठीत धरून असते. तिच्या त्या जीव मुठीत धरण्याचं खरं कारण मी तुला सांगणार आहे. पण ते एकदम सांगता येणार नाही मला. जरा कडेकडेने येऊ दे.

सुरुवात झाली ती एका स्वच्छ दुपारी. वारा नव्हता, ऊन कोवळं होतं, सळ्यांचा शेवटचा भारा उतरवून झाला होता. जेवायला खाली यायचं म्हणून मी केबिनचं दार उघडून बाहेरच्या जाळीवर उभी राहिले. त्या जाळीवरून शिडीवर पाय टाकायचा, एवढंच काम. वर्षानुवर्षं करतेय, डोळे मिटून करेन. पण पाय उचलेना. हात कठड्याला असे चिकटले की बोटं पांढरी पडली. खाली सिग्नल देणारा माझा जोडीदार आहे, त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याला वॉकीटॉकीची गरजच नाही. त्याने वर बघितलं आणि त्याला कळलं. तो ओरडला नाही. वॉकीटॉकीवर हळू आवाजात आपल्या सासूच्या गोष्टी सांगायला लागला. सासू कशी घोरते, सासू कशी त्याच्याच ताटातलं उचलून त्यालाच वाढते. म्हणाला, "ताई, एक पायरी उतर, मग पुढचं सांगतो." मी एकेक पायरी उतरत आले. खाली पोचले तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि सासूची गोष्ट संपलीच नव्हती. सगळ्यांना मी सांगितलं, चक्कर आली. ते खोटं होतं. मला चक्कर आली नव्हती.

डॉक्टरांनी कान बघितले, डोळे बघितले, रक्त काढलं. सगळं ठणठणीत. मग सुपरवायझरने एका समुपदेशन करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. मी म्हटलं, म्हणजे माझं डोकं फिरलंय असं म्हणायचंय का तुम्हाला? तो बिचारा गडबडला. म्हणाला, "तसं नाही हो, नुसतं बोलायचं असतं." नुसतं बोलायचं असतं! जगात त्याहून अवघड काम मला तरी माहीत नाही. आपल्या घरात कोण कधी नुसतं बोललंय? आपल्याकडे बोलणं म्हणजे एक तर हिशेब, नाहीतर ओरडा, नाहीतर थट्टा.

त्या बाईंची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. जिना अरुंद, भिंतीला ओल. आत दोन खुर्च्या, पण समोरासमोर नाहीत, जरा तिरप्या, म्हणजे बघायचं तर बघावं नाहीतर खिडकीकडे बघावं. माझ्या मनात आधी सगळ्या शंका होत्या. ही बाई लिहून घेईल आणि कंपनीला कळवेल. माझं लायसन्स जाईल. ही मला गोळ्या देईल, मी झोपाळू होईन. यातलं काहीच झालं नाही. वयाने आपल्या मावशीएवढी, आवाज मऊ, आणि गप्प बसायची सवय. आई कशी आपण काही बोलायच्या आत उत्तर देते, ही अगदी उलट. ही गप्प बसते आणि मग ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही. पहिल्या वेळी मी तिला नुसती हसवत राहिले. भोंग्याच्या सासूची गोष्ट सांगितली, साइटवरच्या मांजरीची सांगितली, तुझी सांगितली, तू लहानपणी घसरगुंडीच्या टोकावर बसून "मला उचला" म्हणून भोकाड पसरायचास ती. ती हसली. मी निघाले तशी म्हणाली, "तुम्ही फार छान सांगता. पण शिडीचं काही सांगितलं नाहीत."

दुसऱ्या वेळी तिने मला श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. जाळीवर उभं राहिल्यावर शरीरात कुठे काय होतं ते विचारलं. मी पोटात, छातीत, तळव्यात असं काहीबाही सांगितलं. ते खरंही होतं. त्या आठवड्यात मी चांगली झोपले. मला वाटलं, झालं की! आता कशाला जायचं? पण सुपरवायझरला मी बरी आहे असा कागद हवा होता, म्हणून तिसऱ्यांदा गेले. आणि त्या दिवशी तिने अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं विचारलं, "तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते कसे गेले?"

मी तोंड उघडलं. आपलं ठरलेलं वाक्य तयार होतं. पाण्याच्या टाकीला रंग देत होते, पाय घसरला. हे वाक्य मी शाळेत सांगितलंय, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलंय, तुला मांडीवर घेऊन शंभरदा सांगितलंय. पण तिथे ते येईना. मला स्पष्ट कळलं की ते वाक्य बोलायला मी तोंड उघडलं तर त्याच्या जागी दुसरंच काहीतरी बाहेर पडेल, आणि एकदा पडलं की परत आत घालता येणार नाही. मी म्हटलं, "जरा पाणी पिऊन येते." बाहेर आले, पाण्याच्या माठाजवळून सरळ पुढे गेले, जिना उतरले, चष्म्याच्या दुकानासमोरून रस्ता ओलांडला आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. एखाद्या चोरासारखी. वर बघायचं धाडस झालं नाही, खिडकीत ती उभी असेल तर काय, म्हणून.

त्यानंतर मी जी कारणं शोधली ती ऐकून तू हसशील. दाढ दुखते. जादा काम आहे. ती बाई फारच गप्प बसते. ती बाई फारच विचारते. तिच्या खोलीत फिनेलचा वास येतो. तिला उंचीवरच्या कामातलं काय कळतं, ती तर पहिल्या मजल्यावर बसते. बोलून कुणाचं भलं झालंय? शिवाय मी झोपतेय की आता! तिचा निरोप यायचा, "तुमची वेळ राखून ठेवली होती. या किंवा नका येऊ, पण बऱ्या आहात एवढं कळवा." मी उत्तर दिलं नाही. रस्त्यात तिच्यासारखी ओढणी घेतलेली कुणी बाई दिसली की मी दुकानात शिरायचे. मला तिची भीती वाटायला लागली होती, ज्या बाईने मला पाणी आणि खुर्ची सोडून काही दिलं नव्हतं तिची. सुपरवायझरला कामाची घाई होती. त्याने साध्या डॉक्टरच्या कागदावर भागवलं आणि मी परत वर गेले.

आता जे लिहितेय ते लिहिण्यासाठी मी दोनदा उठून तोंड धुऊन आले. वर गेल्यावर काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी वारा वाढला. वारा वाढला की काम थांबवतात, हूक वर ओढून क्रेनचा हात मोकळा सोडायचा आणि खालून हुकूम येईपर्यंत केबिनमधे बसायचं. मी बसले होते. बाहेर तारा गुणगुणत होत्या. खाली माणसं मुंग्यांएवढी, मिक्सरचा आवाजसुद्धा वर पोचत नव्हता. मी कसला तरी विचार करत होते, कसला ते आठवत नाही. आणि मग भोंग्याचा आवाज आला, "ताई, बेल्ट लावलास का?" मी भानावर आले तेव्हा मी केबिनमधे नव्हते. बाहेर जाळीवर उभी होते. बेल्टचा हूक मोकळा लोंबत होता. आणि पायाला जाळीचं लोखंड गार लागत होतं, कारण माझे बूट माझ्या पायात नव्हते. ते दाराशी होते. एकाला एक चिकटवून, नीट, टाचा एका रेषेत. मोजे आत घातलेले. ते मी कधी काढले, मला माहीत नाही.

शेंडेफळा, घाबरू नकोस. मी बूट घातले, नाड्या बांधल्या, हूक अडकवला आणि खाली आले. सुपरवायझरच्या टेबलावर क्रेनची किल्ली ठेवली आणि म्हटलं, मी सांगेपर्यंत मला वर पाठवू नका. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किल्ली खणात टाकली. तेव्हापासून मी खाली आहे. पण आता तुला ते सांगायला हवं, जे मी त्या खोलीत सांगू शकले नाही. त्या पहिल्या दुपारी, जाळीवर, मला पडायची भीती वाटली नव्हती. मला भीती वाटली ती माझ्या पायाची. तो शिडीकडे न जाता दुसरीकडे जाईल, आणि मी त्याला अडवणार नाही, याची. मरावंसं वाटत होतं का? नाही रे. घरी जाऊन कपडे धुवायचे होते. म्हणूनच तर जास्त भीती वाटली.

बाबा गेले तेव्हा तू बोबडं बोलत होतास. मी शाळेत वरच्या वर्गात होते. त्या दिवशी सुट्टी होती, बाबा डबा विसरून गेले होते आणि आईने तो माझ्या रिकाम्या दप्तरात घालून मला टाकीवर पाठवलं. मी पोचले तेव्हा टाकीच्या पलीकडच्या अंगाला माणसं धावत होती. मला काही कळलं नाही. मी नेहमीसारखी शिडीपाशी गेले. शिडीच्या पायथ्याशी बाबांचे बूट होते. जोडीने, नीट ठेवलेले. एकात त्यांचं घड्याळ आणि दुसऱ्यात घराची किल्ली, रुमालात गुंडाळलेली. तुला आठवत नसेल, पण बाबा बुटांशिवाय शिडीला हात लावू देत नसत. मी एकदा चपला घालून दोन पायऱ्या चढले तर मला उचलून खाली ठेवलं होतं. असा माणूस अनवाणी वर गेला होता, आणि जाताना किल्ली ठेवून गेला होता, म्हणजे आपल्याला दाराबाहेर थांबावं लागू नये.

मी ते बूट दप्तरात घालून घरी आणले. का, ते मला आजही सांगता येत नाही. आईने दप्तर उघडलं. तिने एकच क्षण बघितलं आणि तिला सगळं कळलं. मग तिने माझे खांदे धरले, इतके घट्ट की नखं रुतली. म्हणाली, "पडताना बूट पायातून निघाले. पाय घसरला. कळलं? कुणालाही दुसरं काही सांगायचं नाही. आणि धाकट्याला तर जन्मात नाही." तू तेव्हा तिच्या पदराला धरून उभा होतास आणि तुला वाटलं ती मला मारतेय, म्हणून रडायला लागलास. मग आम्ही दोघी तुला गप्प करायला लागलो आणि तो विषय तिथे मिटला. तो इतका मिटला की मला कधीकधी वाटायचं, बूट मी स्वप्नातच बघितले.

मी आईला दोष देत नाही, तूही देऊ नकोस. लोक काय म्हणतील हे तर होतंच, पण तिला खरी भीती वेगळी होती. परवा मी तिला फोनवर विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं ती फोन आपटेल. पण ती म्हणाली, "मी नेलं होतं त्यांना डॉक्टरकडे. महिनाभर जेवत नव्हते, भिंतीकडे बघत बसायचे. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. यांचा नंबर येणार, तेवढ्यात उठले. म्हणाले, आत गेलो की मी वेडा ठरेन, पोरांना वेड्याची पोरं म्हणतील. मी हात धरला होता गं. पण मला वाटलं, चार लोकांत कशाला ओढाताण करायची, म्हणून सोडला." मग ती म्हणाली, "तुम्हाला खरं कळलं असतं तर तुमच्याही डोक्यात ते शिरलं असतं. ते शिरू नये म्हणून मी दार लावून घेतलं." तिने दार लावलं, पण मी तर आतच होते ना रे. दप्तरासकट.

आईशी बोलणं झाल्यावर मी त्या बाईंना फोन केला. वाटलं होतं, रागावतील, निदान टोमणा मारतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं केलात. मी वाट बघत होते." मी पाण्याच्या बहाण्याने पळाल्याबद्दल काहीतरी पुटपुटले. तर म्हणाल्या, "खूप जण जातात. काहींना वाटतं मी कामाची नाही, आणि कधीकधी ते बरोबरही असतं. काहींना जरा बरं वाटलं की पुरतं. पण काही जण नेमके त्या जागेवरून उठतात, जिथे पुढचं वाक्य महत्त्वाचं असतं. ते उठले की मला कळतं, आपण जवळ आलो होतो. आणि मी जरा घाईने विचारलं, ती माझी चूक." मी त्यांना जे कुणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं. हे रक्तात असतं का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "घरात असं घडलेलं असलं की सांभाळून राहायला हवं, हे खरं. पण ते लपवून सांभाळता येत नाही. तुम्ही किल्ली टेबलावर ठेवलीत, तेच सांभाळणं." मग म्हणाल्या, मधल्या वेळात पुन्हा तसं वाटलं तर माझी वाट बघू नका, कुणाला तरी जवळ बोलवा. म्हणून भोंगा आणि त्याची बायको सध्या रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवतात. सासूही येते. खरंच घोरते ती, बसल्या बसल्या.

उद्या मी परत त्या जिन्यावर जाणार आहे. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तुझ्या बायकोचा मला फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, ती रडत होती. तिने सांगितलं की तू कित्येक दिवस झोपत नाहीस, पुलावरून गाडी नेत नाहीस, लांबचा रस्ता घेतोस, आणि लेकीला कडेवर घेऊन गच्चीत उभा राहायला नकार देतोस. तिने सांगितलं की तू एका डॉक्टरकडे जायला लागला होतास आणि दोन वेळा जाऊन सोडून दिलंस. का सोडलंस विचारलं तर म्हणालास, "ते बाबांबद्दल विचारतात. मला काही आठवतच नाही, मी तिथे बसून काय सांगू?" मी माझ्याजवळ होतं ते सांगता येईना म्हणून पळाले, आणि तू पळालास कारण तुझ्याजवळ सांगायला काही ठेवलंच नव्हतं आम्ही. ते आता तुझ्या हातात आहे. परत जा. बोलता नाही आलं तर हा कागद त्यांच्यापुढे कर. आणि तोवर एकटा राहू नकोस, बायकोला सगळं सांग, मला केव्हाही फोन कर, पाण्याबद्दल नाही बोलणार मी. तुला हे वाचून माझा राग येईल, आईचा येईल, कदाचित बाबांचाही. येऊ दे. मला भीती आहे ती त्या रागाची नाही. तू इथवर न वाचताच हे मिटून ठेवशील, याची आहे. घाबरत घाबरत वाच, मीही घाबरतच लिहिलंय. पण अर्ध्यातून उठू नकोस, माझ्या राजा.

तुझीच, सध्या जमिनीवर असलेली,
ताई